नव्या ट्रॅक्टरच्या किमतीचा वाद : आधीची खबरदारी, नंतरचा उपाय

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणते सोबत नेतो. ट्रॅक्टर मात्र 'सगळे मिळून इतके' या एका आकड्यावर ठरतो आणि ताबा घेण्याच्या दिवशी तो आकडा वाढलेला असतो. कर्ज मंजूर, घरी पूजेची तयारी झालेली. अशा वेळी माणूस मुकाट्याने पैसे भरतो. समजा, असे २०,००० रुपये जास्त गेले आणि ते कर्जातून दिले, तर १२ टक्के दराने पहिल्या वर्षाचेच २,४०० रुपये व्याज होते. म्हणून किमतीचा वाद आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच कागदावर मिटवावा.

बाबवार कोटेशन घ्या

डीलरकडून सही-शिक्क्याचे कोटेशन घ्यावे. त्यात पुढील बाबी वेगवेगळ्या असाव्यात :

१) ट्रॅक्टरचे मॉडेल, मूळ किंमत आणि सूट
२) जीएसटी
३) विम्याचा हप्ता
४) आर.टी.ओ. नोंदणीची फी
५) हूड, हिच, ट्रॉली, रोटाव्हेटर अशा जोड वस्तूंची किंमत
६) कोटेशनची मुदत व ताबा देण्याची तारीख

शक्य असल्यास दोन-तीन डीलरांची कोटेशने समोरासमोर ठेवून पाहावीत. 'हँडलिंग' किंवा 'इतर खर्च' असा मोघम आकडा दिसला, तर तो कशाचा हे लिहून मागावे. सरकारी फी असेल तर तिची पावती मिळालीच पाहिजे. विमा कायद्याने आवश्यक आहे. पण तो डीलरमार्फतच घ्यावा असे बंधन नाही. जुना ट्रॅक्टर बदल्यात देत असाल, तर त्याची किंमत वेगळी लिहून घ्यावी आणि नोंदणी नव्या मालकाच्या नावे झाल्याची खात्री करावी. नोंदणी आपल्या नावे राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आपल्यावर येते.

कराचा हिशोब स्वतः करा

शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ६ लाख रुपये धरली, तर पूर्वीचा कर ७२,००० रुपये आणि नवा ३०,००० रुपये. फरक ४२,००० रुपयांचा आहे. म्हणून केवळ एकूण आकडा न पाहता मूळ किंमत तपासावी. कर कमी झाला आणि मूळ किंमत वाढवली, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

अनुदान व कागदपत्रे

महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचे असल्यास पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. 'आधी घेऊन जा, अनुदान मी बघतो' या शब्दावर विसंबू नये. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. रोख रक्कम दिल्यास त्याच वेळी पावती घ्यावी. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र. त्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष वाचावे आणि चासी व इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकाशी जुळवावेत. मागील वर्षाचा माल नव्याच्या किमतीत घेऊ नये. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय डीलरने ताबा देऊ नये, असा नियम आहे.

तरीही वाद झाला तर

आवाज चढवून उपयोग नाही. कोटेशन आणि बिल शेजारी ठेवून फरकाच्या रकमेवर बोट ठेवावे. पेरणी तोंडावर असल्याने पैसे भरणे भागच असेल, तर पावतीच्या प्रतीवर 'हरकत राखून रक्कम दिली' असे लिहून तारीख टाकावी. नंतर डीलरला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. पोच देत नसेल तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे व प्रत कंपनीच्या कार्यालयाला द्यावी.

एवढ्याने न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. 'ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही,' असे कोणी म्हणेल. पण केवळ स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची ठरत नाही.

डीलरशी वैर नको. पुढे सर्व्हिसिंगसाठी त्याच्याच दारात जायचे असते. व्यवहार कागदावर चोख असला, की संबंधही टिकतात. कोटेशन, पावत्या, बिल आणि पत्रांच्या प्रती एका पिशवीत घालून सातबाऱ्याशेजारी जपून ठेवा, एवढी विनंती करतो.