होडीच्या मशीनला ऑईल कुठलं?

कर्ली खाडीवरून आम्ही आठजणी बोलतोय. माइकसमोर दोघीच बसलोय, बाकीच्या बाहेर काचेतून हातवारे करतायत, पण जे सांगणार आहोत ते आठजणींनी मिळून भोगलेलं आहे. मागच्या वेळी आम्ही खाडीतले पक्षी आणि कांदळवन यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर फोन आले ते पक्ष्यांबद्दल कमी आणि मशीनबद्दल जास्त. विचारणाऱ्या बहुतेक बचतगटातल्या, नवी होडी घेतलेल्या किंवा घेणाऱ्या. सगळ्यांचा प्रश्न एकच: मशीनला सिंथेटिक ऑईल घालायचं की साधं?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आमची खाडी रुंद, ओहोटीला पाण्याची ओढही मोठी, म्हणून आम्हांला मशीन लागतं. आमचं मशीन ९.९ हॉर्सपॉवरचं, फोर स्ट्रोक. त्याच्या पोटात एक लिटरच्या आतबाहेर ऑईल बसतं. एवढ्याशा ऑईलवर आठ घरांचा हप्ता चालतो, म्हणून आधी आमची फजिती सांगतो.

दोन वर्षांमागे दिवाळीच्या तोंडावर आम्ही ऑईल बदलायला घेतलं. दुकानात आम्ही तिघी गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, त्यांना समजेल." आम्ही हललो नाही, तेव्हा त्याने सगळ्यात महाग डबा काढला. "हे फुल सिंथेटिक घ्या वहिनी, मग वर्षभर बघायला नको." साध्यापेक्षा लिटरमागे साडेचारशे रुपये जास्त. आमच्यात वाद झाला, पण लग्नाच्या साडीसारखंच झालं, महाग ते चांगलं असं म्हणून घेतलं. आणि "वर्षभर बघायला नको" हे तर आम्हांला फारच गोड लागलं.

आम्ही अगदीच डोळे मिटून बसलो नव्हतो. ऑईल मोजायची डिपस्टिक असते, आम्ही तिला काडी म्हणतो, ती मधूनमधून काढून बघायचो. ऑईल कमी होतच नव्हतं. उलट वरच्या खुणेच्याही थोडं वर दिसायचं. आमच्यातली सगळ्यात मोठी काकी म्हणायची, "तेल आसा मां भरपूर, मगे कित्याक घाबरतास?"

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटी लागलेली, होडीत कोल्हापूरचं एक कुटुंब, त्यांची म्हातारी आजी सोबत, आणि मशीनमधून खडखड आवाज येऊन ते बंद पडलं. होडी वाळूच्या पट्टीकडे सरकायला लागली. शेजारच्या होडीवाल्याने दोर टाकून आम्हांला ओढून आणलं. पैसे परत केले, ते ठीक. पण आतलं बेअरिंग गेलं होतं. दुरुस्तीला ३८ हजार रुपये लागले आणि ऐन हंगामातले १९ दिवस होडी किनाऱ्यावर पडून राहिली. हप्ता आठजणींनी घरातून भरला. एकीने त्यासाठी कानातलं गहाण ठेवलं.

ऑईल महागातलं, काडीवर भरपूर, मग मशीन गेलं कसं? दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी जुनं ऑईल एका बशीत काढलं आणि आम्हांला म्हणाले, "वास घ्या." पेट्रोलचा भपकारा आला. काडीवर जे वाढलेलं दिसत होतं ते ऑईल नव्हतंच, त्यात पेट्रोल उतरत होतं. कालवणात पाणी ओतून दोन पाहुणे जास्त जेवू घालता येतात. मशीनला तसं चालत नाही. पातळ झालेलं ऑईल लोखंडावर थर धरत नाही, मग लोखंड लोखंडावर घासतं.

पेट्रोल उतरलं कशामुळे, तर आमच्या धंद्यामुळेच. पक्षी दाखवायचे म्हणून आम्ही मशीन तासन्‌तास अगदी हळू चालवतो. हळू चालणारं मशीन नीट तापत नाही. गार मशीनमध्ये सगळं पेट्रोल जळत नाही, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑईलमध्ये ओघळतं. मशीन तापलं असतं तर त्यातलं बरंचसं उडून गेलं असतं. त्यात आणखी एक गोष्ट निघाली. आउटबोर्ड मशीन गार ठेवायला खाडीचं पाणी आत घेतं, आणि मशीन गरम होईपर्यंत ते पाणी रोखणारं एक छोटं दार असतं, थर्मोस्टॅट. आमच्या मशीनचा थर्मोस्टॅट आधीच्या एका दुरुस्तीत कुणीतरी काढूनच टाकला होता. गाळाने अडकून मशीन जास्त तापेल या भीतीने असं करतात म्हणे. म्हणजे आमचं मशीन सदाच गार. अशा मशीनमध्ये सोन्याचं ऑईल घातलं असतं तरी पातळच झालं असतं.

शिवाय तासांचा हिशोब. दिवसाला तीन फेऱ्या, फेरी दीड तासाची, म्हणजे साडेचार तास. मशीनच्या पुस्तिकेत ऑईल १०० तासांनी बदला असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शंभर तास हंगामात २२-२३ दिवसांत संपतात. आम्ही दिवाळीपासून सव्वादोनशे तास त्याच ऑईलवर काढले होते. मोटारीचा हिशोब किलोमीटरवर होतो, दुकानदाराने त्याच हिशोबाने "वर्षभर" म्हटलं असेल. पुस्तिका आमच्या कपाटातच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हळदीकुंकवाच्या वाणाखाली.

आता सिंथेटिक म्हणजे काय ते. पुष्कळजणींना वाटतं, ते खनिज तेलापासून बनतच नाही. तसं नाही. सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं बरंचसं ऑईल खनिज तेलावरच खूप प्रक्रिया करून बनवतात, काही प्रकार कारखान्यात रसायनांपासून जुळवतात. साधं ऑईल म्हणजे कणी मिसळलेला तांदूळ आणि सिंथेटिक म्हणजे निवडलेला, अख्ख्या दाण्याचा. दाणे एकसारखे असल्यामुळे ते फार उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीत घट्ट होत नाही. आपलं खोबरेल डिसेंबरच्या सकाळी बाटलीत थिजतं ना, तशी अडचण थंड देशात साध्या ऑईलला येते, मशीन सुरू होताना ते पटकन वर चढत नाही. पण खोबरेल थिजतं त्या आपल्या सकाळीही साधं मशीन ऑईल व्यवस्थित वाहतं. तेव्हा हा गुण इथे आपल्याला फारसा उपयोगी नाही. सेमी सिंथेटिक म्हणजे दोन्हींचं मिश्रण. त्यात कुठलं किती, हे डब्यावर सहसा नसतंच.

आम्ही आता डबा उलटा करून मागचं वाचतो. फोर स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर 'एफसी-डब्ल्यू' ही खूण शोधायची. ती अमेरिकेतल्या होडी-उद्योगाच्या संघटनेची आहे आणि त्या चाचण्यांत गंजापासून बचावही तपासतात. मोटार सपाट रस्त्यावर आरामात पळते. होडी पाणी कापत जाते, तिच्या मशीनला सारखाच घाट चढायचा असतो, आणि मग चार-चार दिवस खाऱ्या हवेत उभं राहायचं असतं. म्हणून घरातल्या मोटारसायकलचं उरलेलं ऑईल होडीला घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. एफसी-डब्ल्यू खूण साध्या ऑईलवरही असते आणि सिंथेटिकवरही. त्याखाली जाडीचा आकडा, १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, जो तुमच्या पुस्तिकेत असेल तोच.

ज्यांच्याकडे जुनं टू स्ट्रोक मशीन आहे, त्यांचं वेगळं. तिथे ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. 'टीसी-डब्ल्यू-३' खुणेचं घ्यायचं. ५० ला १ प्रमाण सांगितलेलं असेल तर दहा लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. फोर स्ट्रोकचं ऑईल त्यात अजिबात नको.

आम्ही शेवटी काय ठरवलं? साधं, एफसी-डब्ल्यू, १०डब्ल्यू-४०. आमच्या हळू चालण्यात ऑईल जुनं होण्याआधी पातळ होतं, ते ७५ तासांतच टाकावं लागतं. मग महाग ऑईल अर्ध्या आयुष्यात फेकून देण्यात काय शहाणपण? पण हे आमच्यापुरतं. तुमची होडी बाहेर समुद्रात जात असेल, तास-दोन तास पूर्ण वेगाने पळत असेल, किंवा पुस्तिकेतच सिंथेटिक लिहिलं असेल, तर जरूर घ्या, चार पैसे सार्थकी लागतील. फक्त तासांची सूट घेऊ नका. वॉरंटीतलं मशीन असेल तर पुस्तिकेबाहेर जाऊच नका.

थर्मोस्टॅट परत बसवला. पक्षी दाखवून झाले की परतीची शेवटची दहा-पंधरा मिनिटं मशीन जरा जोरात चालवतो, म्हणजे ते तापतं. होडीत एक वही आहे, दोऱ्याला पेन बांधलेलं, फेरी संपली की तास लिहायचे. सकाळी काडी पुसून, परत घालून बघायची. ऑईल खुणेखाली असेल तर वाईट, खुणेवर असेल तरीही वाईट. बोटावर घेऊन वास घ्यायचा. आणि रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर पाणी शिरलंय, मशीन सुरूच करायचं नाही.

मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आमच्याही फेऱ्या पावसाळ्यात बंद. मशीन काढून ठेवण्याआधी ऑईल बदला, पावसाळ्यानंतर नको. जुन्या ऑईलमध्ये ओल आणि आम्ल साठलेलं असतं, ते दोन-तीन महिने आत बसून लोखंड खातं. काढलेलं ऑईल डब्यात भरून ठेवा. ते खाडीत ओतायचं नाही, वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासायचं नाही. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या. आम्ही चार गटांचं एकत्र साठवतो, तेव्हा कुठे तो माणूस इतक्या लांब येतो.

येत्या गुरुवारी सकाळी आम्ही ऑईल बदलणार आहोत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी नऊ वाजता धक्क्यावर या. जुनी साडी नेसून या, आणि आपल्या मशीनची पुस्तिका घेऊन या.