पॉपर यांचा न टळणारा प्रश्न

कार्ल पॉपर यांचे नाव आपल्याकडे बहुधा मार्क्सचे टीकाकार म्हणूनच घेतले जाते. या टीकेचा उगम मात्र व्हिएन्नाच्या रस्त्यावर आहे. जून १९१९ मध्ये तेथे निःशस्त्र निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला. काही तरुण ठार झाले. सोळा वर्षांचे पॉपर तोवर कम्युनिस्टांच्या बाजूचे होते. क्रांतीसाठी असे बळी अटळच, हे सहकाऱ्यांचे समर्थन त्यांना पटले नाही. ज्या सिद्धान्तापायी माणसे मरतात, तो तपासला कोणी?

त्याच वर्षी सूर्यग्रहणाच्या वेधांनी आइन्स्टाइनच्या भाकिताची कसोटी घेतली. भाकीत खोटे ठरण्याची जोखीम पत्करते ते विज्ञान, हा निकष पॉपर यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडला. १९४५ च्या ग्रंथात मार्क्सच्या मानवतेची कदर करूनही त्यांनी इतिहासाची अटळ भाकिते नाकारली आणि चुका दुरुस्त करीत एकेक सुधारणा करण्याचा मार्ग सुचविला.

अशा सुट्या सुधारणांनी मालमत्तेची मक्तेदारी हलेल, असे मला वाटत नाही. तरीही त्यांचा प्रश्न टळत नाही: काय घडले म्हणजे आपला कार्यक्रम चुकला, असे आपण मानू? याचे उत्तर प्रत्येक ठरावातच नोंदवून ठेवावे. पराभवानंतर ते सुचत नाही.