घरकामात मुलांचा वाटा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला विषय दिला, मुलांना घरकामाची सवय कशी लावावी. मी काही तज्ज्ञ नाही. बदलापूर ते सीएसटी अशी वर्षानुवर्षं लोकलने नोकरी केलेली एक आई आहे. चुका करून जे शिकले, तेवढंच सांगते.

जुन्या मंडळींना २६ जुलै २००५ आठवत असेलच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, आणि इकडे उल्हास नदीचं पाणी बदलापुरात. मी ऑफिसात अडकले, हे कामासाठी पुण्याला गेलेले. फोन लागत नव्हते. घरी मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. बरंचसं अंतर चालत मी २८ तारखेला घरी पोचले, तेव्हा कळलं की पहिल्या रात्री दोघं फरसाण खाऊन झोपली होती. डाळ-तांदूळ घरात होते, सिलिंडर भरलेला होता. पण कुकर कसा लावतात हे एकालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांना जेवायला नेलं. ‘आई, त्यांचा दादा स्वतः खिचडी टाकतो!’ माझा मुलगा नवलाने सांगत होता. मला मात्र माझीच लाज वाटली. ‘तू अभ्यास कर, मी करते’ असं रोज म्हणून मीच त्यांना पांगळं करून ठेवलं होतं.

मग मोठ्या उत्साहाने कामांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. पंधरा दिवस टिकला! रोज वेगळं काम, म्हणून रोज आठवण करा, रोज कटकट. त्यात मुलाने वाळत घातलेले कपडे मी पुन्हा झटकून घालायची. एकदा तो म्हणाला, ‘तू परत करणारच आहेस, तर मी कशाला करू?’ आणि मुलगी म्हणाली, ‘दादाला दूध आणायचं, मला पोळ्या लाटायच्या, असं का?’ दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तक्ता काढून टाकला. प्रत्येकाला एकच काम दिलं, पण पूर्ण. मुलाकडे रात्रीचा कुकर: डाळ-तांदूळ धुण्यापासून शिट्ट्या मोजण्यापर्यंत. मुलीकडे कपडे: वाळत घालण्यापासून घड्या करून कपाटात ठेवण्यापर्यंत. सहा महिन्यांनी अदलाबदल. वेळ ठरलेली, टीव्ही लावायच्या आधी. पैसे नाहीत, बक्षीस नाही. भात गिचका झाला तरी सगळ्यांनी तोच खायचा. एकदा कुकर लावायचा राहिला, तेव्हा आम्ही चौघांनी दूध-पोहे खाल्ले. कोणी ओरडलं नाही. पुन्हा तो विसरला नाही. सगळ्यांत अवघड गेलं ते मला, माझा हात आवरणं.

आणि पुरुष मंडळींनो, जरा ऐका. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. उपदेशापेक्षा ते बघूनच मुलं ओशाळली आणि आपली कामं आपण करू लागली. आमच्याकडे ह्यांनी सकाळचा केर काढायला घेतला, तेव्हापासून मुलाची ‘हे बायकांचं काम’ ही भाषा बंद झाली. बाबा सोफ्यावर आणि मुलगा ओट्यापाशी, असं फार दिवस चालत नाही.

शेवटी एकच. ‘आईला मदत कर’ हे वाक्य आपण सोडूया. मदत म्हटली की काम आईचं ठरतं, आणि करणारा उपकार करतो. घर चौघांचं, तर काम चौघांचं. आमच्याकडे हे वाक्य बंद झालं आणि हळूहळू आठवण करणंही बंद झालं. मी दमून आठच्या लोकलने उतरायची, तेव्हा जिन्यात आमच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. ते सुख काय सांगू!

आता जेवणं झाल्यावर खुर्च्या रचायच्या आहेत. ते काम आज मुलांकडे देऊया. वाकड्या रचल्या, तर कृपया कोणी सरळ करायला जाऊ नका.