जलसंजीवनीवाले डॉक्टर

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘ज्याचं ऋण मानावं असं वाटतं, अशा एका माणसाविषयी प्रत्येकाने बोलायचं’ असं संयोजकांनी सांगितलं. शाळेतल्या सर-बाईंविषयी इथे बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी लहान मुलांचा डॉक्टर. मी बोलणार आहे ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, पण ज्यांच्या कामावर माझा दवाखाना चालतो, अशा डॉ. रफीकुल इस्लाम यांच्याविषयी.

जन्म 1936 चा, कोमिल्ला जिल्ह्यातल्या चौद्दग्रामचा. तेव्हाचा अखंड बंगाल, आजचा बांगलादेश. 1965 साली ढाका मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाले आणि ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. 2000 साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. जुलाबाच्या रोग्यांच्या उशापायथ्याशी पस्तीस वर्षं!

कॉलरा म्हणजे आपली पटकी. आपल्या आजी-पणजींनी मरीआईचे गाडे गावाच्या वेशीबाहेर नेलेले पाहिले होते. या रोगात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं. सकाळी चालताबोलता असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. उपाय माहीत होता, शिरेतून सलाईन. पण पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या खेड्यात सलाईनच्या बाटल्या, सुया आणि त्या टोचणारे हात आणायचे कुठून?

आतड्याची एक गंमत आहे. पटकीत आतडं पाणी बाहेर टाकत सुटतं, नुसतं मीठ-पाणी पाजलं तर तेही नीट शोषून घेत नाही. पण साखर आणि मीठ जोडीने आत जाण्याचा एक दरवाजा मात्र या आजारातही उघडा राहतो. ग्लुकोज मिठातल्या सोडियमला हाताला धरून आत नेतं आणि त्यांच्या मागे पाणी जातं. प्रश्न होता प्रमाणाचा. मीठ जास्त झालं तर धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

हे प्रमाण रोग्यांवर सिद्ध करणारा निबंध 1968 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लेखकांत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर होते, आणि त्यांच्यासोबत रफीकुल इस्लामही. तोंडाने पाजलेल्या या पाण्यामुळे शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाली. लोक त्याला ‘ढाका सलाईन’ म्हणू लागले.

खरी परीक्षा 1971 साली झाली. बांगलादेश मुक्तियुद्धातले निर्वासित लाखोंनी भारतात आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याची पाकिटं करून पिंपात पाणी कालवलं. ते पाजायला रोग्यांच्या नातेवाइकांनाच हाताशी धरलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. पुढे 1980 पासून दहा वर्षं ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका बांगलादेशात घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी, हे त्यांनी आयांना शिकवलं. आई जेवढं अचूक लक्षात ठेवील, तेवढा शिकवणारीचा पगार! इथे बसलेल्या शिक्षकांनी हा नियम आपल्याला लावला नाही, म्हणून त्यांचा संसार चालला.

मोठा शोध कुणा एकाचा नसतो, हाही नाही. पण 2002 साली या कामासाठी पोलिन पुरस्कार दिला गेला, तेव्हा चौघांच्या यादीत रफीकुल इस्लाम हे नाव नव्हतं. 5 मार्च 2018 रोजी ते गेले. आपल्याकडे किती जणांना कळलं? वैद्यकाचं शिक्षण घेताना मीही पाकिटातल्या क्षारांचे ग्रॅम पाठ केले. ज्यांनी ते ठरवले त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

म्हणून आज हे नाव आपल्या स्मरणिकेत छापलं जावं, एवढीच माझी इच्छा. आणि एक विनंती. आपल्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा झालोत. नातवंडाला जुलाब लागले की ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाणी तोडणारी माणसं अजून माझ्याकडे येतात, आणि तोवर मुलाचे डोळे खोल गेलेले असतात. असं करू नका. जलसंजीवनीचं पाकीट आणा, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजत राहा, अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. मूल मलूल झालं, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर थेट दवाखाना गाठा. दुकानातली गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

हे पाणी कालवताना त्या ढाक्याच्या डॉक्टरांची आठवण काढा. त्यांचं स्मारक म्हणून मला याहून वेगळं काही सुचत नाही.