रांगेंतलें घर आणि मागचें ऊन

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें जुनें घर दुरुस्त करून पाहिलें नसावें. माझ्या मुलीनें व जांवयांनीं ऑस्ट्रेलियांत, सिडनी शहराच्या पॅडिंग्टन भागांत, असें एक घर घेतलें आणि त्याच्या दुरुस्तीच्या काळांत सहा महिने मी तेथें होतों. त्या अनुभवांतील कांहीं गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

तेथील बहुतेक घरें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं. एकास एक लागून रांगेनें उभीं. दोन घरांमध्यें भिंत सामाईक. पुढच्या सज्ज्यांना ओतीव लोखंडाची जाळी, इतकी नाजुक कीं लोखंड विणलें आहे असें वाटावें. १९४८ सालच्या नगररचनेच्या आराखड्यानें हा भाग पाडून नव्यानें वसविण्याजोगा ठरविला होता. रहिवाशांनीं १९६४ सालीं संस्था स्थापून त्याच्या रक्षणाची चळवळ उभारली. आज दर्शनी भाग बदलावयाचा तर नगरपालिकेची संमति लागते, आणि तें योग्यच आहे. रस्त्याकडचें तोंड एकट्या मालकाचें नसतें, साऱ्या रांगेचें असतें.

अंधार असतो तो मागें. घराची रुंदी पंधरा-सोळा फूट. पुढें दिवाणखाना, त्यामागें मधली खोली आणि नंतर एका अरुंद भागांत स्वयंपाकघर व धुण्याची जागा. शौचकूप परसाच्या टोकाला, मैला मागल्या गल्लींतून नेतां यावा म्हणून. असल्या परसाकडे कोण कौतुकानें पाहणार? घरानें त्याकडे पाठ फिरविली ती सकारणच. पुढें भुयारी गटारें आलीं, कारण नाहींसें झालें. पाठ मात्र फिरलेलीच राहिली.

मागचा भाग अरुंद, म्हणून शेजारच्या भिंतीपर्यंत चार फुटांची बोळ उरते. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी ह्याच बोळींत उघडते. वास्तुशिल्पज्ञांनीं आणलेल्या पहिल्या नकाशांत ही बोळ छपराखालीं घेऊन स्वयंपाकघर रुंद केलें होतें, आणि परसाकडे भिंतभर कांचेचीं दारें. चित्र मोठें मोहक होतें. मीं विचारलें, मधल्या खोलीचें काय? उत्तर मिळालें, तेथें दिवा लावूं. भर दिवसा! आणि ती खोली होती आमच्या विहीणबाईंची. त्यांची दृष्टि अधू, आणि वाचनावांचून त्यांना करमत नाहीं.

पुष्कळ वादावादी झाली. अखेर खिडकीपुढची सहा फूट बोळ उघडी ठेवली, आपल्या वाड्यांतल्या चौकाचें लहानसें रूप म्हणाना. समोरची भिंत पांढरी केली, म्हणजे उजेड परतून खोलींत यावा. स्वयंपाकघर तेवढें आखडलें.

मागच्या दारांचा प्रश्न सूर्यावर ठरतो, आणि तिकडे आपलें पंचांग उलटें. दक्षिण गोलार्धांत सूर्य मध्यान्हीं उत्तरेस असतो. सुदैवानें ह्या घराचें परस उत्तरेकडेच आहे. सिडनीस जूनच्या अखेरीस, म्हणजे ऐन थंडींत, मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ३३ अंश वर असतो. आठ फूट उंचीच्या दारांतून त्याचें ऊन बारा फूट आंत शिरतें. डिसेंबरांत तोच ८० अंशांजवळ चढतो. तेव्हां दीड फुटाचा छज्जा त्या वेळच्या उन्हास दाराबाहेर थोपवितो. परस दक्षिणेस असतें तर कांचेवर इतका खर्च करूं नका असें मीं सांगितलें असतें. तेथें छपरांतून उजेड घ्यावा.

जांवयांना आणखी एक हौस होती. खोलीची जमीन व परसाची फरसबंदी एका पातळींत हवी. आजकाल ही आवड फार फैलावली आहे. परंतु ह्या घरांतील लांकडी तक्तपोशी जमिनीपासून उंच असते, आणि तिच्याखालीं वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायथ्याशीं जाळ्या ठेवलेल्या असतात. फरशी वर आणली कीं जाळ्या बुजतात, खालचें लांकूड कुजूं लागतें आणि ओल भिंतींत चढते. शेजारच्या एका घरीं तसें झालेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून तेवढें ऐकलें गेलें. आतां दारापुढें एक रुंद पायरी आहे.

विहीणबाई रोज सकाळीं त्या पायरीवर बसून वाचतात. मधल्या खोलींत, त्या म्हणतात, ऊन जरा कमीच. स्वयंपाकघराचे ते सहा फूट मात्र मुलीनें मला अद्याप माफ केलेले नाहींत.