संगणकाची स्मृति आणि घरखर्च

घरच्या संगणकावर मुलांचा खेळ अडखळूं लागला, कीं गृहस्थ नव्या यंत्राचा विचार करूं लागतो. तत्पूर्वीं खेळ चालू असतां रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृति, भरून जाते काय, हें त्यानें पाहावें. न भरल्यास दोष बहुधा अन्यत्र असतो.

डीडीआर४ च्या खांचेंत २०२० सालीं प्रमाणित झालेली डीडीआर५ पट्टी बसत नाहीं. वेगवान पट्टीचा मोहहि आवरावा. मंद पट्टीशेजारीं ती मंद चालीनेंच चालते. यंत्रांत ८ जीबीची एक पट्टी असल्यास तिच्याच जातीची व वेगाची दुसरी, माहितीपत्रांत सांगितलेल्या खांचेंत, बसवावी. स्मृति १६ जीबी होते, माहितीच्या ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात, आणि जुनी पट्टी टाकावी लागत नाहीं. मुलांचा खेळ सुरळीत चालावा व घरखर्चाचा मेळहि बिघडूं नये, यास एवढी जोड पुष्कळदां पुरते.