भाताचा फोटो काढताय? जवळ जा!

पावसाळ्यात कल्याणहून मुरबाडकडे निघालात की दोन्ही बाजूंना भात. पान पिवळं दिसलं की आपण लांबूनच फोटो काढतो आणि ग्रुपवर विचारतो, "कुठला रोग?" लांबून काय कळणार हो!

डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी ठिपके असतील तर करपा, म्हणजे बुरशी. टोकापासून कडेकडेने पान वाळत आलं तर कडा करपा. तो जिवाणूंचा, बुरशीनाशक फुकट जातं. शंका असेल तर पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधट धार सुटली तर जिवाणूच. तिचाही फोटो काढा.

आणि अ‍ॅप कुठल्या फोटोंवर शिकलंय तेही बघा. प्लांटव्हिलेजच्या गाजलेल्या संग्रहात ५४,३०६ फोटो, १४ पिकांचे. त्यात भात नाहीच!